कॉबोलच्या प्रोजेक्टवर नेमणूक: नोकरी घ्यावी की सोडावी?

प्रश्न: मी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेजात जावा आणि पायथन शिकले. एका कंपनीत निवड झाली, पण नेमणुकीच्या पत्रात 'मेनफ्रेम व कॉबोल' (मोठ्या संस्थांचे मोठे संगणक आणि त्यांवर चालणारी जुनी प्रोग्रामिंग भाषा) असं लिहिलंय. मैत्रिणी म्हणतात, मेलेल्या भाषेत अडकून पडशील. बाबा म्हणतात, हातची नोकरी सोडू नकोस. दोन आठवड्यांत कळवायचंय. काय करू?

उत्तर: भाषेच्या वयावरून हा निर्णय घेऊ नकोस. तिथे तुला रोज नेमकं काय काम देणार आहेत, ते विचार आणि त्यावरून ठरव. 'मेनफ्रेम व कॉबोल' या एकाच नावाखाली दोन अगदी वेगळ्या नोकऱ्या असतात. त्यांतली एक घेण्यासारखी आहे, दुसरी नाही.

आधी 'मेलेली भाषा' या शेऱ्याबद्दल. कॉबोलची आखणी १९५९ साली सुरू झाली हे खरं, पण तिचं सगळ्यात अलीकडचं प्रमाणित रूप २०२३ चं आहे. मशीनचंही तसंच. आयबीएमने १९६४ मध्ये सिस्टीम ३६० हे मेनफ्रेमचं घराणं जाहीर केलं, तेव्हापासून त्या घराण्यात एक पथ्य पाळलं गेलंय: नवं मशीन आलं तरी त्यावर जुना प्रोग्राम चालला पाहिजे. त्यामुळे पन्नास वर्षांपूर्वी लिहिलेला हिशेब २०२५ साली आलेल्या झेड१७ या मशीनवर चालताना दिसू शकतो. प्रोग्राम जुना, मशीन नवं.

जुन्या म्हणवल्या जाणाऱ्या सगळ्याच भाषांची अवस्था मात्र अशी नाही. फोरट्रान १९५७ पासून आहे आणि हवामानाची मॉडेल्स, मोठी गणिती आकडेमोड यांत आजही रोज वापरात आहे. याउलट व्हिज्युअल बेसिक ६. हे १९९८ मध्ये आलं आणि त्याच्या डेव्हलपमेंट साधनाला मायक्रोसॉफ्टने २००८ मध्येच आधार देणं थांबवलं. तुझ्या पत्रात व्हिज्युअल बेसिक ६ असतं, तर 'दुसऱ्या भाषेत हलवण्याचं काम असेल तरच जा' असं सांगितलं असतं.

आता त्या दोन नोकऱ्या. पहिलीत रात्रभर चालणाऱ्या बॅच जॉब्सवर (आपोआप एकापाठोपाठ चालणाऱ्या हिशेबांवर) नजर ठेवायची असते. जॉब पडला, म्हणजे मध्येच बंद झाला, की ठरलेल्या यादीतल्या माणसाला फोन करायचा, तो सांगेल तसा पुन्हा लावायचा, तिकीट (तक्रारीची नोंद) बंद करायचं. कॉबोलची एक ओळही उघडावी लागत नाही. दोन वर्षांनी अनुभवाच्या रकान्यात लिहायला शिफ्टशिवाय फारसं काही नसतं. दुसरीत तू तोच पडलेला जॉब उघडतेस, कारण शोधतेस, कोड बदलतेस, चाचणी घेतेस. फरक केवढा आहे, ते एका उदाहरणावरून बघ.

मेनफ्रेमवर एस-झीरो-सी-सेव्हन (अंकांच्या जागी भलताच डेटा आल्याचा) हा एरर सतत भेटतो. समज, रकमेचं फील्ड 'पिक एस९(७)व्ही९९ कॉम्प-३' असं आहे, म्हणजे चिन्ह, दशांशाआधी सात अंक आणि नंतर दोन. यात नऊ अंक आणि एक चिन्ह, प्रत्येकाला अर्धा बाइट, म्हणजे एकूण पाच बाइट. शेवटचा अर्धा बाइट चिन्हाचा, आणि तिथे हेक्साडेसिमल ए ते एफ यांपैकीच काहीतरी असावं लागतं. दुसऱ्या विभागाकडून आलेल्या फाइलमध्ये त्या जागी नुसत्या स्पेस असतील, तर मेनफ्रेमच्या ईबीसीडिक या अक्षरांना संकेतांक देण्याच्या पद्धतीत प्रत्येक स्पेस म्हणजे हेक्स ४०. चिन्हाच्या जागी येतो शून्य. बेरजेची सूचना आली की मशीन थांबतं आणि जॉब पडतो.

नजर ठेवणारा तिकीट पुढे ढकलतो. डेव्हलपर डम्पमधला (जॉब पडला त्या क्षणीच्या मेमरीच्या नोंदीतला) ऑफसेट, म्हणजे प्रोग्राम थांबल्याची जागा, घेतो, कंपायलरने छापलेल्या लिस्टिंगशी जुळवतो, कोणत्या ओळीवर थांबलं ते पाहतो, मग त्या क्षणी हातात असलेलं रेकॉर्ड शोधतो. कारणं बहुतेक वेळा ओळखीचीच निघतात: वर्किंग-स्टोरेजमधल्या (प्रोग्रामच्या स्वतःच्या चलांच्या भागातल्या) फील्डला सुरुवातीची किंमत दिलेली नाही, किंवा सामायिक कॉपीबुक (अनेक प्रोग्राममध्ये वापरलेली फील्ड्सची मांडणी) बदललं आणि ते वापरणारा एक प्रोग्राम पुन्हा कंपाइल करायचा राहिला, त्यामुळे पुढची सगळी फील्ड्स काही बाइट सरकली. नवखे लोक तिथे 'नंबर नसेल तर सोडून दे' अशी अट टाकून मोकळे होतात. तसं कधीच करू नकोस. ते रेकॉर्ड म्हणजे कुणाची तरी रक्कम असते.

जॉब पडला तर निदान कळतं तरी. त्याहून वाईट म्हणजे न सांगता चुकणारा हिशेब. 'पिक ९(५)' या पाच अंकी फील्डमध्ये ९९,९९९ पर्यंतच मावतात. त्यात आणखी एक मिळवला आणि 'ऑन साइझ एरर' (आकडा मावला नाही तर काय करायचं ते) लिहिलेलं नसेल, तर डावीकडचा अंक गळून फील्डमध्ये ००००० उरतो, जॉब मात्र यशस्वी दाखवतो. असे दोष वाचूनच सापडतात. दुसऱ्याने लिहिलेला, कागदपत्रं नसलेला हजारो ओळींचा कोड शांतपणे वाचता येणं हे या कामातून मिळणारं खरं कौशल्य आहे, आणि जावामध्ये गेलीस तरी ते सोबत येतं.

'मग हे सगळं नव्यानं का लिहीत नाहीत?' असं तुझ्या मैत्रिणी विचारतील. कारण कुणाला कोणत्या दिवशी किती व्याज, कोणाला सूट, कोणता अपवाद हे नियम कित्येकदा त्या कोडशिवाय दुसरीकडे कुठेच लिहिलेले नसतात. शिवाय मोठी यंत्रणा बदलताना काय होऊ शकतं ते ब्रिटनमधल्या टीएसबी बँकेने २०१८ मध्ये पाहिलं. ग्राहकांची खाती नव्या यंत्रणेवर हलवली आणि लाखो लोकांना आपली खाती नीट वापरता येईनात. २०२२ मध्ये नियामकांनी त्याबद्दल बँकेला दंडही केला. म्हणून हे बदल हळूहळू, तुकड्यातुकड्याने होतात आणि जुनं वाचू शकणारी आणि नवं लिहू शकणारी माणसं त्यात लागतात. तू ही दोन्ही टोकं हातात ठेव.

एक इशारा. २०२० मध्ये अमेरिकेतल्या न्यू जर्सीच्या गव्हर्नरांनी कॉबोल येणाऱ्यांना जाहीर आवाहन केलं होतं. ती बातमी दाखवून 'कॉबोल शिका, लगेच मागणी' असं कुणी सांगितलं तर भुलू नकोस. अशा वेळी हवे असतात वर्षानुवर्षांचे अनुभवी, नवखे नव्हेत. शिवाय मेनफ्रेम वापरणाऱ्या संस्था मोठ्या असल्या तरी संख्येने मोजक्या, त्यामुळे नोकरी बदलताना पर्याय जावापेक्षा कमी असतात.

हाताशी दोन आठवडे आहेत, तर स्वतः करून बघ. लॅपटॉपवर मोफत मिळणारा ग्नूकॉबोल हा कंपायलर टाक. पारंपरिक मांडणीत रकान्यांचा नियम पाळावा लागतो: पहिले सहा ओळक्रमांकाचे, सातव्यात तारा म्हणजे टिप्पणी, आठव्यापासून डिव्हिजन आणि परिच्छेदांची नावं, बाराव्यापासून बाहत्तराव्यापर्यंत सूचना. बाहत्तराच्या पुढे लिहिलेलं कंपायलर वाचत नाही. पहिल्या दिवशीच्या निम्म्या चुका इथेच होतात. नंतर एकच प्रोग्राम मनापासून कर: खात्यांची एक फाइल, व्यवहारांची दुसरी, दोन्ही खाते क्रमांकाने सॉर्ट केलेल्या, आणि त्या जुळवून नवी शिल्लक काढ. जुळणारं खातं नसलेला व्यवहार आणि एकाच खात्याचे तीन व्यवहार, दोन्ही नीट हाताळले गेले पाहिजेत.

दुसऱ्या आठवड्यात आयबीएमच्या झेड एक्सप्लोर या मोफत उपक्रमात नाव नोंदव. तिथे खऱ्या झेड/ओएसवर, म्हणजे मेनफ्रेमच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर, काम करायला मिळतं, तेही व्हीएस कोड या एडिटरमधून. जेसीएल, म्हणजे कोणता जॉब कोणत्या स्टेप्समध्ये चालवायचा ते मेनफ्रेमला सांगणारी भाषा, तिथेच शीक. त्यातलं 'कंड' नवख्यांना हमखास फसवतं: 'कंड=(४,एलटी)' म्हणजे आधीच्या एखाद्या स्टेपचा रिटर्न कोड चारपेक्षा मोठा असेल तर ही स्टेप गाळायची. अट खरी ठरली की स्टेप चालत नाही, उलट गाळली जाते. नव्याने लिहिताना इफ-देन वापर, पण जुनं वाचता आलंच पाहिजे. हे करताना कंटाळा येतो की पुढची चूक शोधावीशी वाटते, ते स्वतःशी प्रामाणिकपणे बघ.

दरम्यान कंपनीला ईमेल पाठव. फोनवरचं आश्वासन पुरेसं नाही. विचार: काम डेव्हलपमेंटचं की मॉनिटरिंगचं? कोड बदलायला किती महिन्यांनी मिळेल? डीबी२ (डेटाबेस) आणि सीआयसीएस (ऑनलाइन व्यवहार हाताळणारी यंत्रणा) प्रशिक्षणात आहे का? जुन्या यंत्रणेवर एपीआय बांधण्याचं किंवा ती हलवण्याचं काम याच टीमकडे आहे का? रात्रपाळी किती? ठरावीक काळ नोकरी न सोडण्याची अट आहे का आणि किती वर्षांची?

डेव्हलपमेंट असेल आणि पहिल्या सहा महिन्यांत कोडला हात लावायला मिळणार असेल, तर जा. एसक्यूएल, गिट आणि पायथन घरी चालू ठेव. नुसतं मॉनिटरिंग असेल आणि वर दोन-तीन वर्षं न सोडण्याची अटही असेल, तर नाही म्हण. बाबांना कंपनीचं ते उत्तर वाचायला दे. मॉनिटरिंग आहे पण अट नाही, अशी मधली परिस्थिती असेल तर दुसरी नोकरी हाती येईपर्यंत घ्यायला हरकत नाही. मात्र रुजू होण्याआधीच डेव्हलपमेंट टीममध्ये बदली मागण्याची मुदत विचारून ठेव, आणि वर्षभरात ती मिळाली नाही तर बाहेर अर्ज सुरू कर.