बूट कपाटात, पोरगी खदानीत

पत्र: "मुलगी बारावीला आहे. दहावीत ९३ टक्के होते, जेईईचे क्लास लावले आहेत. पण दोन वर्षांपासून तिच्या डोक्यात एकच, कडे चढायचे. खोलीत अमेरिकेतल्या एल कॅपिटन या कड्याचा फोटो लावला आहे. त्या दोराशिवाय चढणाऱ्या अमेरिकन पोराचे व्हिडिओ पाहते. या नादाची माणसं जिवावर उदारच. शहरातल्या वॉलवर, म्हणजे चढण्याच्या सरावाच्या भिंतीवर जायची, तोवर मी काही बोललो नाही. ऑगस्टमध्ये टेस्टचे मार्क घसरले तेव्हा तिचे क्लाइंबिंगचे बूट, हार्नेस (कमरेला बांधायचा पट्टा), दोर सगळं कपाटात कुलूप लावून ठेवलं. म्हटलं, ९५ पर्सेंटाइल आण, सगळं परत देतो. दिवाळीनंतर कळलं की ट्यूशनच्या नावाखाली ती मैत्रिणीसोबत उमरेड रोडकडच्या एका बंद खदानीत जाऊन चढून राहिली होती. हार्डवेअरच्या दुकानातला नायलॉनचा दोर घेऊन. मी वीज कंपनीत इंजिनीअर आहे, उंचीवरून पडलेली माणसं मी पाहिली आहेत. हिची आई तर काही बोलतच नाही. पोट्टी ऐकूनच नाही राहिली. तिला तुमच्या भाषेत समजवा. आणि कॉम्प्युटर घ्यावं की एआय, तेही सांगा." (एक वडील, नागपूर)

भाऊ, नमस्कार.

तुमचं पत्र वाचून मी आधी हातातलं काम बाजूला ठेवलं. शाखेचा प्रश्न थांबू शकतो. खदानीचा नाही.

ऑगस्टपर्यंत तुमची लेक शिकवणाऱ्या माणसाच्या नजरेखाली, हार्नेस घालून, चाचणी झालेल्या दोरावर चढत होती. तुम्ही ते सामान कुलपात ठेवलं. त्यानंतर चढणं थांबलं नाही, फक्त हार्नेस गेला, दोर गेला आणि बघणारं माणूस गेलं. तुम्ही लाइनवरचे आहात म्हणून तुमच्याच कामातलं विचारते. एखादा वायरमन खांबावर फार चढतो म्हणून तुम्ही त्याचा सेफ्टी बेल्ट काढून घ्याल का? लाइन क्लिअर, म्हणजे वीज बंद असल्याची खात्री न घेता त्याला वर पाठवाल का? उंचीवरून पडलेली माणसं पाहिलीत, असं तुम्ही लिहिलंय. ती भीती खरी आहे आणि तिचा मी मान ठेवते. पण त्या भीतीपोटी तुम्ही जे केलंत त्याने धोका वाढला. हे गोड शब्दांत सांगण्यासारखं नाही.

दुकानात ज्याला नायलॉन म्हणून देतात तो दोर बहुतेक वेळा पॉलिप्रॉपिलीनचा असतो, सामान बांधायला बनवलेला. घासला की लवकर वितळतो, धारेवर कापला जातो. चढाईचा दोर वेगळा असतो. आत गाभा, बाहेर विणलेलं आवरण, आणि पडणाऱ्या माणसाचा झटका शोषून घेण्यासाठी तो मुद्दाम ताणणारा बनवतात. तो नसेल तर झटका कमरेला, मणक्याला आणि दोर अडकवलेल्या वरच्या खुंटीला बसतो. आणि खदान? तिथला खडक सुरुंगाने फोडलेला असतो. बाहेरून धडधाकट दिसणाऱ्या भिंतीत आतवर चिरा गेलेल्या असतात आणि हाताला पक्का वाटलेला दगड अख्खाच्या अख्खा निघून येतो. चढायला याहून वाईट जागा नागपूरच्या आसपास दुसरी नसेल. हा परिच्छेद तिला वाचायला द्या. तिला तो कळेल, माझ्या अंदाजाने तिला तो आधीपासूनच माहीत आहे, आणि तरीही ती गेली. मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते. ज्या खेळात कुठे जातोय, कुणासोबत जातोय, कधी परतणार हे मागे सांगून जाणं हा पहिला धडा असतो, त्या खेळातली मुलगी घरी ट्यूशन सांगून जाते.

आता त्या ९५ पर्सेंटाइलच्या सौद्याबद्दल.

या कामाच्या अठरा वर्षांत असे सौदे मी फार पाहिले. गिटार, कुत्रा, मोबाइल, नाटकाची तालीम. एका मुलाची बॅट त्याच्या वडिलांनी दहावीच्या वर्षी माळ्यावर टाकली होती. मुलाने मार्क आणले, ठरल्यापेक्षा दोन टक्के जास्तच. वडिलांनी मोठ्या कौतुकाने बॅट खाली काढली. मुलाने ती पुसली आणि स्वतःच पुन्हा माळ्यावर ठेवली. ते वडील माझ्यासमोर बसून हे सांगताना रडले होते. आवडीची गोष्ट बक्षीस म्हणून टांगली की मूल दोनपैकी एक शिकतं, ती सोडून द्यायला किंवा ती लपवून करायला. तुमच्या लेकीने दुसरं निवडलं. म्हणजे अजून वेळ गेलेली नाही.

तुम्ही लिहिलंय की ती "त्या दोराशिवाय चढणाऱ्या अमेरिकन पोराचे व्हिडिओ" पाहते, म्हणून तुम्हाला वाटतं की या नादाची माणसं जिवावर उदार असतात. हा समज मी अनेक पालकांकडून ऐकला आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. अॅलेक्स हॉनोल्ड ३ जून २०१७ रोजी एल कॅपिटनवर दोराशिवाय चढला, चार तासांच्या आत. ती भिंत सुमारे ९०० मीटरची आहे. पण त्याआधी तीच वाट त्याने दोर लावून पुन्हा पुन्हा घोटली होती, आणि तरीही तसं करणारी माणसं जगात बोटांवर मोजण्याइतकीच आहेत. सगळा गोंधळ 'फ्री' या शब्दाचा आहे. फ्री क्लाइंबिंग म्हणजे दोराशिवाय नव्हे. वर चढायचं फक्त हातापायांच्या जोरावर, दोर असतो तो पडलो तर झेलायला. लिन हिल या बाईने १९९३ मध्ये एल कॅपिटनवरची 'नोज' ही वाट अशी चढली. तोवर त्या वाटेवर कुणालाच ते जमलं नव्हतं, पुरुषांनाही नाही. तिच्या कमरेला दोर होता. डिसेंबर २०१४ च्या शेवटापासून जानेवारी २०१५ पर्यंत टॉमी काल्डवेल आणि केविन जॉर्जसन एल कॅपिटनवरच्याच 'डॉन वॉल' या वाटेवर १९ दिवस होते. रोज पडायचे, दोरावर लटकायचे, पुन्हा लागायचे. जॉर्जसन एका टप्प्यावर कितीतरी दिवस अडकला होता. काल्डवेल पुढे निघून जाऊ शकत होता. तो थांबला, सोबत्याला पार होऊ दिलं आणि मगच दोघं वर गेले. तुमच्या लेकीच्या खोलीतल्या फोटोत ही गोष्टही आहे. तिला विचारून बघा, ती तुम्हाला माझ्यापेक्षा चांगली सांगेल.

मोठ्या भिंतीकडे ओढली जाणारी माणसं माझ्या पाहण्यात बेफिकीर नसतात, उलट हिशेबी असतात. अशा भिंतीवर रात्री झोपावं लागतं, कड्याला टांगलेल्या खाटेवर. माणशी रोज चारेक लिटर पाणी धरलं तर दोघांचं पाच दिवसांचं पाणीच चाळीस किलो होतं, आणि ते पिशवीत भरून कप्पीने वर ओढायचं असतं. शौचसुद्धा डब्यात बंद करून सोबत न्यावी लागते, भिंतीवर टाकायची नसते. दोन खुंट्यांवर वजन विभागताना दोरांमधला कोन १२० अंश झाला की प्रत्येक खुंटीवर अर्धं नाही, पूर्ण वजन येतं. हे गणित तिच्या अकरावीच्या भौतिकशास्त्रात आहे. तिला ते वर्गात आलं नसेल तर दोरावर येईल. ऑगस्टमधल्या टेस्टचे मार्क घसरले म्हणून तुम्ही नेमकी ती जागा बंद केलीत जिथे तिला बलांचं विघटन हाताने कळत होतं.

आता लेकीसाठी चार शब्द, ते तिलाच वाचायला द्या.

बाळा, कडे चढून पोट भरणं हे करिअर म्हणून मी तुला सुचवणार नाही. आपल्याकडे त्याचा पगार कुणी देत नाही, आणि ज्या कड्याचा फोटो तू लावलास तो चढणाऱ्यांतल्याही बहुतेकांना तो मिळाला नाही. 'नोज' पहिल्यांदा चढली गेली ती जुलै १९५७ ते नोव्हेंबर १९५८ मध्ये, तुकड्यातुकड्याने. वर पोचले ते तिघं कोण होते? वॉरन हार्डिंग जमिनीची मोजणी करणारा सर्व्हेअर. जॉर्ज व्हिटमोर फार्मासिस्ट. वेन मेरी पुढे पार्कचा रेंजर झाला. त्यांच्याआधीचा चढणारा जॉन सालाथे लोहार होता, खडकात ठोकायच्या कठीण पोलादाच्या मेखा त्याने स्वतः ठोकून बनवल्या. नंतरचा रे जार्डिन अवकाशयानांच्या क्षेत्रातला इंजिनीअर, त्याने भेगेत बसून पकडणारं स्प्रिंगचं अवजार बनवलं, जे आज भेगांतून चढणाऱ्या बहुतेकांच्या कमरेला असतं. हातात कसब असलेली माणसं होती ती. तूही एक कसब घे. आणि बाबांशी खोटं बोललीस ते चुकलं. त्यांनी बूट ठेवून घेतले तेही चुकलं, ते मी त्यांना सांगितलंय.

भाऊ, पुन्हा तुमच्याकडे येते. जेईई मेन जानेवारीत आणि एप्रिलमध्ये, मग एमएचटी-सीईटी. ते वेळापत्रक तुम्हाला माझ्यापेक्षा पाठ असेल. कॉम्प्युटर की एआय, या प्रश्नाचं उत्तर मी देणार नाही, कारण या मुलीबद्दल तुम्ही जे लिहिलंय त्यात यातलं एकही अक्षर नाही. तिला खडक, भार, दोर, उंची यांत रस आहे. त्या रस्त्याने बरंच काही आहे, आणि गंमत म्हणजे त्यातलं पुष्कळसं नागपुरातच आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य क्षेत्राचं कार्यालय सेमिनरी हिल्सवर आहे. इंडियन ब्युरो ऑफ माइन्सचं मुख्यालय इथे आहे. व्हीएनआयटी या राष्ट्रीय अभियांत्रिकी संस्थेत मायनिंग इंजिनीअरिंग आहे, विद्यापीठात भूशास्त्राचा पदव्युत्तर विभाग आहे. अग्निशमन सेवा महाविद्यालय आणि एनडीआरएफची (राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची) अकादमी, म्हणजे दोरावर उतरून माणसं वाचवण्याचं शिक्षणही इथलंच. जेईईतून आयआयटी खरगपूरला किंवा धनबादला भूशास्त्राकडे जाता येतं, हे अनेक पालकांना माहीतच नसतं. सिव्हिल घेतलं तर पुढे खडकांचं यांत्रिकी, बोगदे, घाटातल्या दरडी.

आपलं गाव त्यासाठी फार चांगलं आहे. पश्चिमेकडून आलेला दख्खनचा काळा पाषाण नागपूरला संपतो आणि पूर्वेला त्याहून कितीतरी जुने खडक उघडे पडतात. सीताबर्डीची टेकडी काळ्या पाषाणाची, रामटेकची वेगळ्याच जुन्या खडकाची. ज्यांच्या नावाने हिस्लॉप कॉलेज आहे ते स्टीफन हिस्लॉप मिशनरी होते, पण इथले दगड आणि त्यांतले जीवाश्म गोळा करत ते या भागात वर्षानुवर्षं फिरले. तुमच्या लेकीला एखाद्या रविवारी या दोन टेकड्या दाखवा आणि विचारा, कुठला खडक चढायला बरा. ती जे उत्तर देईल त्यावरून तिची शाखा तुम्हाला माझ्यापेक्षा लवकर कळेल.

पण एक सांगते. तिला भूशास्त्र आवडलंच पाहिजे असं नाही. तिला कॉम्प्युटरही आवडू शकतो आणि चढणं आयुष्यभर रविवारचं राहू शकतं. आवड दिसली की लगेच तिला नोकरीला जुंपायचं, हीसुद्धा आपल्या पालकांची एक घाई आहे.

चढण्याचं शिक्षण नीट व्हावं असं वाटत असेल तर बारावीनंतर तिला उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेत २८ दिवसांच्या बेसिक कोर्सला पाठवा. खडकावरचं शिक्षण तिथे त्यातच येतं. जागा खूप आधी भरतात, आत्ताच चौकशी करा. तो कोर्स मार्कांशी जोडू नका.

आज संध्याकाळी कपाट उघडा. बूट, हार्नेस, दोर तिच्या हातात द्या, कुठलीही अट न घालता, आणि तो हार्डवेअरचा दोर तिच्याकडून मागून घ्या. खदान बंद, वॉल चालू, जाताना सांगून जायचं, एवढंच ठरवा. परीक्षेपर्यंत आठवड्यातून किती वेळा जायचं ते ती आणि तिची आई ठरवू देत. आई काही बोलत नाही असं तुम्ही लिहिलंय. तिला कुणी विचारलं होतं का?

आणि या रविवारी तुम्ही स्वतः वॉलवर जा. चढणाऱ्याचा दोर खालून धरायला एक माणूस लागतं, त्याला बिले देणं म्हणतात. तिथल्या शिक्षकांकडून ते रीतसर शिकून घ्या. सेफ्टी बेल्टची बकल तपासायची सवय तुमच्या हाताला आहेच. लेक वर असताना दोर तुमच्या हातात असू द्या.

शाखेचं पत्र मला एप्रिलनंतर पाठवा. ते तिने लिहिलेलं असावं.