ग्लिसरीन लावूनही हात उलतात, ते का?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी नागपूरच्या महाल भागात राहते, वय ६१, शाळेतून निवृत्त झाले. दिवाळी सरली की माझे हातपाय उलायला लागतात. आई लावायची म्हणून मीही रात्री ग्लिसरीन लावते, बाटलीतून थेट. लावताना चुरचुरतं आणि सकाळी कातडी आणखीच ताणलेली. सूनबाई म्हणते, "आई, ते आता जुनं झालं." पण तिच्या साडेसहाशे रुपयांच्या बाटलीवर पाण्याच्या खालोखाल ग्लिसरीनच लिहिलंय! आमच्या यांना मधुमेह आहे, घरात आठ महिन्यांची नात आहे. कोणाला लावावं, कोणाला नाही? इतवारीत रंग-रसायनांच्या दुकानात ते सुटं स्वस्त मिळतं, ते चालेल का?

उत्तर : सूनबाईंच्या बाटलीमागचं बारीक अक्षर वाचलंत, हे फार चांगलं केलंत. जे जास्त ते आधी, अशा क्रमानं ती यादी लिहितात. म्हणजे साडेसहाशेतलं मुख्य काम पाणी आणि ग्लिसरीनच करतंय. फरक एवढाच, की तिच्या बाटलीत पाणी आहे आणि तुमच्या तळहातावर नाही.

तुमची चूक मीही केली आहे. मी एकतीस वर्षं औषधाच्या दुकानात उभी राहिले. (नागपुरात नुसतं 'मेडिकल' म्हटलं तर ऑटोवाला सरकारी दवाखान्यात नेऊन सोडतो, म्हणून पूर्ण सांगते.) धाकटा चार वर्षांचा असताना थंडीत त्याचे गाल फुटले. मी, फार्मसी शिकलेली बाई, दुकानातून आल्या आल्या कोरं ग्लिसरीन बोटावर घेतलं आणि गालाला फासलं. लेकरानं रडून अख्खी गल्ली गोळा केली.

ग्लिसरीन जिथून मिळेल तिथून पाणी ओढतं. मुंबईच्या घामट हवेत त्याला बाहेर पाणी सापडतं. आपल्याकडे डिसेंबरची हवा कोरडी, आणि एप्रिल-मेच्या दुपारी तर हवेत ओल औषधालाही नसते. मग कोरं, दाट ग्लिसरीन तुमच्या कातडीच्याच खालच्या थरांतून पाणी वर ओढतं आणि ते पाणी हवेत उडून जातं. म्हणून सकाळी कातडी ताणलेली. भेगेत गेलं तर चुरचुरणारच.

तेव्हा त्याला आधी पाणी पाजा. आंघोळ झाली की टॉवेलनं घासू नका, टिपून घ्या. अंग ओलसर असतानाच एक भाग ग्लिसरीन आणि चार भाग गुलाबपाणी किंवा उकळून गार केलेलं पाणी, असं मिश्रण लावा. आणि ही पुढची पायरी बहुतेक जण गाळतात : त्यावर खोबरेल तेलाचा किंवा व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा. ग्लिसरीन पाणी धरतं, पण झाकण घालत नाही. ते काम तेलाचं. खोबरेल थिजलं असेल तर बाटली गरम पाण्यात ठेवायची, गॅसवर नाही. (हे सांगावं लागतं, अनुभव आहे.)

मिश्रण मात्र थोडंथोडंच करा, फ्रिजमध्ये ठेवा आणि आठवड्यात संपवा. कोऱ्या ग्लिसरीनमध्ये जंतू वाढत नाहीत, पाणी मिसळलं की वाढू शकतात. सूनबाईंच्या बाटलीत त्यासाठी टिकाऊ द्रव्य घातलेलं असतं. पैसे थोडे त्याचेही आहेत.

तुमच्या यजमानांनी लावलं तर साखर वाढेल ही भीती मनातून काढा; कातडीवर लावलेल्यानं ती वाढत नाही. पण पायांच्या बोटांच्या बेचक्यात काहीच लावायचं नाही, तिथं ओल राहिली की बुरशी धरते. टाचेची भेग खोल असेल, रक्त किंवा पू दिसत असेल, किंवा पाय बधिर असतील, तर घरगुती काही न करता डॉक्टरांना दाखवा. मधुमेहात पायाची जखम दुखतेच असं नाही.

नातीला कोरं ग्लिसरीन नको. आंघोळीनंतर लहान मुलांचं बिनवासाचं क्रीम पुरे. आणि तोंड आलं म्हणून टाकणखाराचं (बोरॅक्सचं) ग्लिसरीन हिरड्यांना चोळायची जुनी रीत तुमच्या घरात असेल, तर ती बंदच करा. टाकणखार बाळाच्या पोटात जाणं धोक्याचं आहे.

आता इतवारीतल्या स्वस्त सुट्या ग्लिसरीनचं. इथं मी ऐकून घेणार नाही. १७७९ मध्ये शील नावाच्या स्वीडिश रसायनतज्ज्ञानं ऑलिव्ह तेल मुरदाडशिंगाबरोबर (म्हणजे शिशाच्या ऑक्साइडबरोबर) तापवलं, तेव्हा हा गोड द्रव हाती लागला. पुढं नावही 'गोड' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरूनच पडलं. दुर्दैव असं, की डायएथिलीन ग्लायकॉल हे विषही दाट, बिनरंगी आणि गोडच असतं. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात त्याची भेसळ असलेलं ग्लिसरीन औषध म्हणून दिलं गेलं आणि १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगानं त्याची चौकशी केली. माझ्या पिढीच्या औषधविक्रेत्यांना ते प्रकरण विसरता येत नाही. २०२५ मध्ये छिंदवाड्याकडची लेकरं नागपूरच्या दवाखान्यांत आली, तेव्हा खोकल्याच्या औषधात पुन्हा तेच विष होतं. तुम्ही ते पिणार नाही, हे कबूल. पण उद्या त्याच बाटलीतलं कोणी घसादुखीला चाटवेल. सीलबंद बाटली घ्या, तीवर 'आय. पी.' (इंडियन फार्माकोपिया, म्हणजे औषधी दर्जाची खूण) ही अक्षरं, बॅच नंबर आणि मुदतीची तारीख बघा. बाटली लहान वाटली म्हणून दुकानदाराशी भांडू नका. ग्लिसरीन पाण्यापेक्षा जड असतं, १०० मिलीचं वजन साधारण १२६ ग्रॅम भरतं. हे मी जन्मभर समजावत आले.

प्रश्न : मी कॉलेजात आहे, प्रतापनगरला राहते. ग्लिसरीन-लिंबू-गुलाबपाणी लावून स्कूटीवर गेले. दोन दिवसांनी हनुवटीवर आणि मनगटावर तपकिरी ओघळ उमटले. मैत्रिणी म्हणतात ग्लिसरीननं माणूस काळा पडतो.

उत्तर : बिचाऱ्या ग्लिसरीनवर आळ! गुन्हेगार लिंबू आहे, पोरी. लिंबाच्या रसात आणि त्याहून जास्त सालीत असलेली काही द्रव्यं ऊन लागलं की कातडी भाजतात. कधी फोड येतात, मागे असे डाग राहतात. रस जिथं ओघळला तिथंच डाग, ही त्याची खूण. २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ अंश पाहिलेल्या गावात लिंबू लावून उन्हात जाऊ नये. डाग हळूहळू फिके होतील, काही महिने लागू शकतात. घासू नकोस, उन्हात सनस्क्रीन आणि ओढणी. फोड आले तर त्वचारोगतज्ज्ञ. संत्र्याच्या सालीच्या लेपाबद्दल विचारशीलच, म्हणून आधीच सांगते : नको.

प्रश्न : टाचा पोटॅशियम परमँगनेटच्या पाण्यात बुडवून मग ग्लिसरीन लावतो. योग्य का? (एक वाचक, हिंगणा)

उत्तर : कोमट साधं पाणी पुरे. परमँगनेटनं कातडी आणखी कोरडी पडते. दुसरं म्हणजे त्या जांभळ्या खड्यांवर ग्लिसरीन सांडलं तर थोड्या वेळात आपोआप पेट घेतं, काडी लागत नाही. दोन्ही एका कपाटात असतील तर आज संध्याकाळीच एक दुसरीकडे हलवा.