लॅपटॉप आधी परत द्या

प्रश्न: मुलगा कोल्हापुरातच इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. एकही विषय राहिलेला नाही. पण रात्र रात्र जागून कॉर्टेक्स-एम४ या छोट्या प्रोसेसरच्या बोर्डावर स्ट्रिंगची, म्हणजे अक्षरांच्या माळेची, लांबी मोजायचा कोड असेंब्लीत, म्हणजे थेट प्रोसेसरच्या सूचनांत, लिहितो. हे आता कम्पायलरच, म्हणजे कोडचं त्या सूचनांत भाषांतर करणारा प्रोग्रॅमच, करतो म्हणे. पुण्यातल्या त्याच्या आतेभावाचं पॅकेज बघा. लॅपटॉप मी कपाटात ठेवलाय. वहीच्या पानाचा फोटो जोडतोय. जावाचा कोर्स लावू की एआयचा? – एक वर्कशॉपवाले पालक, उद्यमनगर

कोर्सचं नंतर बघू. मला लॅपटॉपचं खटकलं. सगळे विषय सुटलेल्या मुलाचं अभ्यासाचं साधन कुलपात ठेवायचं, ही शिक्षा झाली. आणि कशाची, तर मन लावून काम केल्याची! पत्रभर पुण्यातल्या आतेभावाचं पॅकेज आहे. तुमचा मुलगा काय म्हणतो, याची एक ओळ नाही. त्याला विचारलंत तरी का?

कम्पायलर सगळं करतो, हा समज अर्धवट आहे. लिनक्सच्या जीलिबसी या तयार कोडच्या लायब्ररीत स्ट्रिंगची लांबी मोजणारी, मेमरी कॉपी करणारी रूटीन्स, म्हणजे कोडचे छोटे तुकडे, आजही प्रोसेसरनुसार हातानं असेंब्लीत लिहिलेली आहेत. सी भाषेत स्ट्रिंग शून्य बाइटवर संपते. साधा कोड एकेक बाइट तपासत जातो. वहीत तुमचा मुलगा आधी मेमरीतला पत्ता चारच्या पटीत आणतो, मग चार बाइट एकदम उचलतो आणि ‘यूॲड८’ व ‘सेल’ या सूचनांनी त्यांत शून्य आहे का ते पाहतो. या सूचना एम३ या आधीच्या प्रोसेसरवर नाहीत, हेही समासात लिहिलंय. ही समज विकत मिळत नाही. सीएनसीवर नगामागे दोन सेकंद वाचवायला तुम्ही टूल बदलून बघताच ना? तेच आहे हे.

मुलालाही सांगणं आहे. नुसत्या असेंब्लीवर नोकरी लागत नाही. सी आणि ऑपरेटिंग सिस्टिम पक्की हवी. शिवाय पानावर सायकलचा, म्हणजे कोडला प्रोसेसरच्या घड्याळाचे किती ठोके लागले याचा, एकही आकडा नाही. एम४ मध्ये सायकल काउंटर असतो. लायब्ररीच्या रूटीनशी तुलना कर. पाच-सहा अक्षरांच्या स्ट्रिंगवर तुझा कोड कदाचित साध्यापेक्षाही हळू निघेल, तेही लिही.

वाटा आहेत: फर्मवेअर (यंत्राच्या आतलं सॉफ्टवेअर), कम्पायलर. आयआयटी मद्रासनं शक्ती, सीडॅक या सरकारी संस्थेनं वेगा प्रोसेसर केलेत. नव्या प्रोसेसरला असली रूटीन्स नव्यानं बसवावी लागतात. एम.टेक. करायचं तर गेट ही प्रवेश परीक्षा आहेच.

दोन्ही कोर्सचे पैसे तूर्त राहू द्या. आकडे घेऊन त्याला माझ्याकडे पाठवा, पण एकट्याला. तुम्ही नंतर या.