फ्लो सायटोमीटर नव्याने हाताळताना

फ्लो सायटोमीटर (एकेक पेशी लेसरसमोरून नेऊन तिचा प्रकाश मोजणारं मशीन) तपासायला रोज बीड्स, म्हणजे ठरावीक चमक असलेले बारीक मणी, चालवायलाच हव्यात का, असं विचारलंस. हो, रोजच. पण लेसर चालू केल्या केल्या नाही. अर्धा तास स्थिर होऊ दे. बाटली फ्रिजमधून काढलीस की नीट व्होर्टेक्स कर (यंत्रावर घुसळ) आणि उजेडात ठेवू नकोस, बीड्सचं फ्लुरोसन्स उतरतं.

सॉफ्टवेअरने 'पास' म्हटलं की बरेच जण पुढे सरकतात. गफलत तिथेच होते. 'पास' हा फक्त आजचा निकाल. पीएमटीचं (प्रकाश टिपणाऱ्या डिटेक्टरचं) व्होल्टेज रोज थोडं थोडं चढतंय का, सीव्ही (मोजमापांतला विखुरलेपणा) वाढतोय का, हे लेव्ही-जेनिंग्ज आलेखावरच (रोजचे आकडे दिवसागणिक मांडलेला आलेख) दिसतं. सगळ्याच डिटेक्टरांचे सीव्ही एकदम वाढले तर पहिला संशय फ्लो सेलवर (पेशी लेसरसमोरून जातात ती जागा) घे: बुडबुडा, नाहीतर कचरा. एकाच लेसरचे डिटेक्टर बिघडले तर त्या लेसरचं अलाइनमेंट किंवा पॉवर. एकटाच बिघडला तर फिल्टर नीट बसलाय का बघ. इंजिनिअरला फोन त्यानंतर.

बीड्सचा लॉट बदलताना जुना संपायच्या आत दोन्ही एकाच दिवशी चालव. नाहीतर आलेखातली उडी मशीनची की बीड्सची, हे कळणार कसं?

दिवसअखेर पातळ ब्लीच, मग भरपूर डिस्टिल्ड पाणी. ब्लीच आत राहिलं तर उद्याच्या सॅम्पलमधल्या रंगांची वाट लागते. शीथची (सॅम्पलला वेढून नेणाऱ्या द्रवाची) टाकी भरलीस की फिल्टरमधली हवा काढ. आणि हो, क्यूसी (बीड्सची ही रोजची तपासणी) पास म्हणजे कॉम्पेन्सेशन (एका रंगाचा दुसऱ्याच्या डिटेक्टरात सांडलेला प्रकाश वजा करणं) झालं असं नव्हे. सिंगल स्टेन कंट्रोल (एकेकच रंग लावलेले नमुने) वेगळे लावावेच लागतात.