सोडतीनंतर सापडलेली ६३ पोस्टकार्डं

प्रश्न : मी सार्वजनिक नभोवाणीच्या एका केंद्रावर कंत्राटी निवेदिका आहे. आम्ही श्रोत्यांसाठी प्रश्नमंजूषा घेतली. बरोबर उत्तरं देणाऱ्यांतून सोडत काढून प्रायोजकाने दिलेला पंधरा हजारांचा मोबाइल द्यायचा होता. विजेत्याचं नाव प्रसारित झालं आणि दोन दिवसांनी दुसऱ्या विभागाच्या टपालात ६३ कार्डं सापडली. सगळ्यांवर मुदतीच्या आतला आवक शिक्का आहे. वरिष्ठ म्हणतात, ‘फाडून टाक, कुणाला कळतंय!’ मी काय करू?

उत्तर : कार्डं फाडू नका, दुसऱ्या कुणाला फाडू देऊ नका. उद्या यावर तक्रार झाली तर तीच पुरावा ठरतील, आणि पुरावा म्हणून हजर करावा लागेल असा कागद तो हजर होऊ नये या हेतूने नष्ट करणं हा फौजदारी गुन्हा आहे. तोंडी आदेश देणारा नंतर ‘मी असं म्हणालोच नाही’ म्हणतो, आणि फाडणारे हात तुमचे असतात.

आता मूळ मुद्दा. तुम्ही नियम वाचून दाखवलेत, तो भारतीय करार कायदा, १८७२ नुसार सगळ्या श्रोत्यांपुढे ठेवलेला प्रस्ताव होता. ज्याने अटी पाळून कार्ड पाठवलं त्याच्याशी करार झाला, कलम ८ तेच सांगतं. त्या ६३ जणांत ज्यांची उत्तरं बरोबर होती त्यांना मोबाइलचा हक्क नव्हता, पण चिठ्ठी डब्यात पडण्याचा हक्क नक्की होता. असा हक्क हवेतला नसतो. १९११ साली इंग्लंडमध्ये चॅप्लिन विरुद्ध हिक्स हा खटला झाला. एका स्पर्धेच्या अंतिम फेरीत निवडलेल्या ५० तरुणींपैकी एकीला मुलाखतीचं पत्र वेळेत मिळालं नाही. बक्षिसं बाराच होती, ती जिंकलीच असती असं कुणीच सांगू शकत नव्हतं. तरीही हुकलेल्या संधीचे म्हणून न्यायालयाने तिला १०० पौंड दिले. आपल्या न्यायालयांवर तो निकाल बंधनकारक नाही, पण त्यातला तर्क मला पक्का पटतो.

शिवाय तुमची संस्था कायद्याने स्थापन झालेली, सरकारी पैशावर चालणारी. राज्यघटनेच्या १४व्या कलमाने ती श्रोत्याश्रोत्यांत मनमानी भेद करू शकत नाही. कुणीही दहा रुपये भरून माहिती अधिकारात विचारेल : कार्डं किती आली, सोडतीसाठी किती तपासली? आवक नोंदवही आणि सोडतीच्या कागदातला ६३चा फरक तिथेच उघडा पडेल.

जाहीर झालेल्या विजेत्याचं बक्षीस मात्र काढून घेऊ नका. त्याचा काही दोष नाही आणि सोडत प्रामाणिकपणे निघाली होती. सोडतीचं बक्षीस वस्तूच्या रूपात असलं तरी त्यावर ३० टक्के प्राप्तिकर आहे. तो भरल्याची खात्री करूनच मोबाइल हाती द्यायचा, हे लेखा विभागाला कळवा. राहिलेल्यांतल्या बरोबर उत्तरांची वेगळी सोडत काढून तेवढंच दुसरं बक्षीस द्यावं आणि चूक कार्यक्रमातच सांगावी, असं मी सुचवेन. बीबीसीच्या लहान मुलांच्या कार्यक्रमात २००६ साली फोनवरच्या स्पर्धेच्या वेळी फोन यंत्रणा बिघडली, तेव्हा स्टुडिओ पाहायला आलेल्या एका मुलीलाच विजेती म्हणून बोलायला लावलं. पुढच्या वर्षी नियामकाने ५० हजार पौंडांचा दंड केला. यंत्रणा बिघडणं माफ झालं असतं. लहान मुलांना फसवणं कसं माफ होणार?

तुम्ही कंत्राटी आहात, भीती वाटणारच. म्हणून वाद घालू नका, कागद करा. कार्डं दोघांसमोर मोजा, प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंचे फोटो काढा, गठ्ठा पाकिटात घालून जोडावर सह्या घ्या. मग केंद्रप्रमुखांना चार ओळींचं टिपण द्या : कार्डं कधी, कुठे सापडली, किती आहेत, पुढे काय करावं. वरिष्ठांवर आरोप त्यात नको. टिपणाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह पोच घ्या आणि ती प्रत घरी ठेवा.