पाण्यापलीकडं पडलेला माल

"मॅडम, संकट आलं की माझं डोकंच बंद पडतं. बाकीच्यांना ऐनवेळी कसं सुचतं?"

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या खोलीत हा प्रश्न घेऊन कुणी ना कुणी येतंच. बँकेतल्या शाखाधिकारी येतात, हॉटेलवाले येतात, एकदा तर मंगल कार्यालयातला आचारी आला होता. त्यातले हे एक साहेब माझ्या चांगले लक्षात राहिले. ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. सांगायला परवानगी त्यांचीच आहे.

वय ४१, गोकुळ शिरगावच्या बाजूला एका फौंड्रीत, म्हणजे धातू ओतून सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात, प्रॉडक्शन मॅनेजर. गोष्ट जुलै २०२१ च्या महापुरातली. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर धोक्याची पातळी ४३ फूट, पाणी ५५ च्या वर. शिरोलीजवळ महामार्ग बुडालेला. पुण्याकडं गाडी सुटणं शक्य नाही, निम्मे कामगार नदीपलीकडं अडकलेले, आणि पुण्याच्या कस्टमरचा दर तासाला फोन, माल आला नाही तर आमची लाईन थांबणार, भरपाई तुमच्याकडून.

साहेबांनी हजर होते त्यांना केबिनमध्ये बोलावलं. "सगळे मुंडी खाली घालून बसले. शेवटी मी मालकांना फोन लावला आणि हात वर केले."

पाणी ओसरल्यावर कंपनीबाहेरच्या टपरीवर चहा घेताना ड्रायव्हर सहज बोलून गेला, "आपलं चारशे नग पुण्यात कस्टमरकडंच पडल्यात की, सायेब. मागल्या खेपंला रिजेक्शनचा, नापास केल्याला माल परत आणायचा व्हता, गाडीत जागा नव्हती." फेटलिंगचा, म्हणजे ओतलेला माल घासून साफ करणारा कामगार म्हणाला, "त्यास्नी नुसती बर हाय, कडंला राहिल्याली धार. हँडग्राइंडर मारला की झालं, नगाला दोन मिनटं." त्यावर स्टोअरचा क्लार्क म्हणाला, "आणि आपली दोन पोरं सुट्टीला गेलेली तिकडंच अडकलेली."

बघा, माल पाण्याच्या पलीकडं, हात पलीकडं, काम दोन मिनिटांचं. चहाचा ग्लास संपायच्या आत उत्तर तयार झालं, चार दिवस उशिरानं.

माझ्याकडं आले तेव्हा साहेब ड्रायव्हरवर चिडलेले होते. माहीत असून बोलला नाही म्हणजे काय! मी विचारलं, तुम्ही त्याला विचारलं होतं का? "असं कसं विचारणार? त्याचा काय संबंध?" मग जरा थांबून स्वतःच म्हणाले, दीड-दोन महिन्यांपूर्वी गाडी भरण्यावरून तो काहीतरी सुचवत होता, तेव्हा मी म्हणालो होतो, तू गाडी चालवायचं बघ. सगळे हसले होते. हे त्यांना गंमत म्हणून आठवत होतं. ड्रायव्हर तर त्या केबिनमध्ये आलाच नव्हता, त्याला कुणी बोलावलंच नव्हतं.

मी त्यांच्यापुढं कोरा कागद ठेवला. म्हटलं, त्या दिवशीच्या मीटिंगमध्ये कोण काय बोललं ते लिहा. स्वतःचं बोलणं त्यांनी पाऊण पान लिहिलं. बाकी सहा जणांच्या नावांपुढं मिळून दोन शब्द होते, "हो" आणि "बघूया". ते त्या कागदाकडं बराच वेळ बघत बसले. मीही काही बोलले नाही.

माणूस वाईट नव्हता, हे मुद्दाम सांगते. संकटात असं होतंच. १९८१ साली संस्थांचा अभ्यास करणारे बॅरी स्टॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे मांडलं, की धोका दिसला की संस्था आखडतात. निर्णय वर सरकतात, माहिती आत यायची कमी होते, आणि जुनंच औषध जास्त जोरात पाजलं जातं. म्हणजे जेव्हा खालच्या माणसाला दिसलेलं सगळ्यात जास्त उपयोगी, नेमकं तेव्हाच त्याचं तोंड बंद होतं.

"मग सगळ्यांना एकत्र बसवून बोलतं करतो," ते उत्साहानं म्हणाले. मी थांबवलं. मायकेल डील आणि वोल्फगांग श्ट्रोबे या मानसशास्त्रज्ञांनी १९८७ मध्ये प्रयोगातून दाखवलं होतं, की गटात बसून कल्पना मांडणाऱ्यांपेक्षा तितकीच माणसं एकेकटी बसली तर त्यांच्याकडून एकूण जास्त कल्पना येतात. एकाचं बोलणं संपेपर्यंत दुसऱ्याचं विरून जातं. म्हणून आधी चिठ्ठी, मग बोलणं. आणि "काय करूया?" असं विचारायचंच नाही. तो प्रश्न पुरं उत्तर मागतो, आणि पुरं उत्तर कुणाकडंच नसतं. विचारायचं, "तुला यातलं काय माहीत आहे?" टपरीवर तरी कल्पना एकाची कुठं होती? तिघांकडं तीन तुकडे होते.

दिवाळीच्या तोंडावर भट्टी तापवणारी कॉइल गळायला लागली, भट्टी बंद ठेवावी लागणार होती, आणि हे करून बघायची वेळ आली. चिठ्ठ्या आल्या ११. चार जणांनी "मालकांना विचारा" असं लिहिलं होतं. एकीवर नुसतंच "अंबाबाई". एकीवर होतं, शेजारच्या फौंड्रीची भट्टी रात्रपाळीला रिकामी असते. त्यावर बोलणं सुरू झालं. साचे तिकडं नेऊ? वाळूचे साचे रस्त्यातच फुटतील. मोल्डिंगचा एकजण म्हणाला, मग साचे कशाला, पॅटर्नच न्या, तिथल्या मशीनवर साचे काढू. (पॅटर्न म्हणजे ज्यावरून वाळूत साचा काढतात तो नमुना.) तसंच ठरलं.

एक चिठ्ठी कोरी होती, ड्रायव्हरची. साहेबांना वाटलं, जुना राग. तरी त्यांनी मला फोन केला तेव्हा मी म्हटलं, अंदाज नको, विचारा.

"राग कसला, सायेब. लिवायला बसलं की कायबी आठवत न्हाई. गाडीत बसा, सांगतो."

साहेब पहिल्यांदाच त्याच्या शेजारी गाडीच्या केबिनमध्ये बसले. गेटपर्यंत जाईतोवर कळलं की शेजारच्यांची क्रेन दोन दिवस बंद आहे, हे त्यांच्या ड्रायव्हरनंच सांगितलेलं. पॅटर्न हातानं उतरवावे लागणार होते. साहेबांनी गाडी तिथंच थांबवली आणि आतून आणखी चार माणसं बोलावून घेतली.