अकरा रात्री, पहिल्यांदाच ग्रीस: अवशेष, गावं आणि समुद्र कसे बसवायचे

प्रश्न थोडक्यात असा: वय २४, पहिलाच परदेश प्रवास, तोही एकट्याने, सप्टेंबरात ११ रात्री. जुने अवशेष बघायचेत, लहान गावांतून भटकायचंय, समुद्रात डुंबायचंय. आणि आराखडा आहे अथेन्स, डेल्फी, मेतेओरा, ऑलिंपिया, मिकोनोस, सांतोरिनी, क्रीट. वय सांगितलंस म्हणून सरळ 'तू' म्हणतोय.

यातलं अथेन्स ठेव, बाकीची सहा नावं आधी खोड. नकाशावर सगळं हाकेच्या अंतरावर दिसतं, पण मुक्काम हलवायचा म्हणजे सामान बांधा, खोली सोडा, बसस्टँड किंवा बंदर गाठा, तासभर आधी जाऊन थांबा, पलीकडे उतरून पुन्हा खोली शोधा. यात पाऊण दिवस जातो. सात ठिकाणं घेतलीस तर ११ पैकी जवळजवळ ५ दिवस बॅग ओढण्यातच संपतील. त्यापेक्षा अथेन्स ३ रात्री, नाफ्प्लियो हे समुद्रकाठचं गाव ३, नाक्सोस बेट ४ आणि परतीच्या आदली १ रात्र पुन्हा अथेन्स. तुला हवं ते सगळं यात येतं.

सांतोरिनी गाळल्याचं वाईट वाटेल. तिथला पांढऱ्या घरांचा कडा खरंच देखणा आहे, पण त्या कड्याखाली पोहण्याजोगा किनारा नाही. किनारे बेटाच्या दुसऱ्या अंगाला, ज्वालामुखीच्या काळ्या वाळूचे आणि खड्यांचे. दुपारी त्या वाळूवर अनवाणी पाय ठेववत नाही. बघण्यासारखे अवशेष म्हणजे राखेखाली गाडलं गेलेलं आक्रोतिरी, आणि तिथली उत्तमातली काही भित्तिचित्रं अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहेत. ती तू बघणारच आहेस.

व्हिसाचं लवकर उरकतो. ग्रीससाठी शेंगेन, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा लागतो. त्याचा अर्ज प्रवासाच्या ६ महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी. उन्हाळ्यात अपॉइंटमेंट मिळत नाहीत, म्हणून अडीच-तीन महिने हाताशी ठेव. फी ९० युरो. वैद्यकीय विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. अडतं ते बारीक गोष्टींत: एखाद्या रात्रीचं बुकिंगच नसतं, किंवा परतीचं विमान मध्यरात्रीनंतर सुटतं आणि विमा आदल्या तारखेलाच संपलेला असतो. तारखांचा तक्ता कागदावर मांड आणि प्रत्येक रात्रीपुढे एक बुकिंग येतंय का ते बघ.

विमानतळावरून शहरात यायला मेट्रोची ३ नंबर लाइन, सिंताग्मा किंवा मोनास्तिराकीपर्यंत साधारण ४० मिनिटं. रात्री-अपरात्री उतरलास तर एक्स ९५ बस चोवीस तास चालते. मेट्रोत पाकीटमारांपासून जप, विशेषतः या लाइनवर आणि पिरेअस बंदराला जाणाऱ्या १ नंबरवर. दार बंद होता होता मुद्दाम रेटारेटी करायची आणि खिसा हलका करायचा, ही तिथली ठरलेली रीत. दादरच्या पुलावर चालतोस तशी सॅक पोटाशी घे.

आता अक्रोपोलिस, म्हणजे अथेन्सच्या टेकडीवरची प्राचीन देवळं. तिकीट वेळेच्या स्लॉटचं असतं, दिवसाला २०,००० माणसांची मर्यादा आहे आणि एप्रिल २०२५ पासून दर ३० युरो. पूर्वी पाच दिवस चालणारं, सगळ्या स्थळांचं एकत्र तिकीट मिळायचं, ते बंद झालं. जुन्या लेखांत अजून त्याचं कौतुक आहे, तिकडे लक्ष देऊ नकोस. तिकीट सरकारी संकेतस्थळावरूनच काढ. २५ वर्षांपर्यंत मोफत ही सवलत युरोपीय संघाच्या नागरिकांना आहे. वय बसतंय म्हणून तो पर्याय निवडलास तर फाटकावर पासपोर्ट बघून परत पाठवतील. स्लॉट सकाळी ८ चाच घे. स्लॉटच्या १५ मिनिटं आधीपासून १५ मिनिटं नंतरपर्यंतच आत सोडतात, एकदा आत गेल्यावर कितीही थांब. मोठी सॅक आत नेऊ देत नाहीत. आणि चपला-बुटांचं गंभीरपणे घे: वरची संगमरवरी वाट लाखो पावलांनी घासून काचेसारखी झाली आहे. झिजलेल्या तळव्याचे बूट किंवा गुळगुळीत सँडल तिथे कोरड्या दिवशीही सटकतात. रबरी, खाचांचा तळवा हवा.

वर गेल्यावर पार्थेनॉन या सगळ्यात मोठ्या देवळासमोर फोटो काढून सगळे पुढे सरकतात. तू लांबट बाजूच्या कोपऱ्याशी थांब, दोरीच्या बाहेरूनच खाली बस आणि डोळा वरच्या पायरीच्या पातळीला आणून कडेकडेने लांबवर बघ. पायरी सरळ नाही. जवळजवळ ७० मीटर लांबीत मधोमध ती सुमारे ११ सेंटीमीटर फुगलेली आहे. खांबही पोटाशी किंचित जाड आणि आत कललेले. सरळ रेघ डोळ्याला मध्ये खचल्यासारखी वाटते, म्हणून ती मुद्दाम वाकवली असं नेहमीचं स्पष्टीकरण; पाणी वाहून जायला उतार मिळतो हा वर फायदा. इसपू ४४७ मध्ये सुरू झालेल्या कामात प्रत्येक दगड त्यामुळे वेगळ्या मापाचा घडवावा लागला. छप्पर आणि मधला भाग गेला तो मात्र काळाच्या ओघात नव्हे. १६८७ साली आत ऑटोमन (तुर्की) फौजेची तोफांची दारू साठवली होती, व्हेनिसच्या तोफेचा गोळा नेमका तिथे पडला.

खालचं अक्रोपोलिस संग्रहालय वेगळ्या तिकिटाचं. ते दुपारच्या उन्हासाठी राखून ठेव. टेकडीवरच्या एरेख्थेइऑन देवळाच्या ओसरीत ज्या सहा स्त्रिया छप्पर पेलून उभ्या दिसतात त्या प्रतिकृती. खऱ्या पाच इथे आहेत आणि सहावी लंडनला. राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयासाठी दुसऱ्या दिवशीचे तीन तास दे आणि ते नाफ्प्लियोजवळच्या मायसिनीच्या प्राचीन अवशेषांना जायच्या आधी बघ, नंतर नको. मायसिनीच्या थडग्यांतलं सोनं जवळजवळ सगळं इथे आणलेलं आहे. ते आधी डोळ्यांत साठवलंस तरच तिकडचे रिकामे खड्डे काही बोलतात.

नाफ्प्लियोची बस अथेन्सच्या किफिसोस स्थानकावरून सुटते, दोन-सव्वादोन तास. अथेन्सला लांब पल्ल्याच्या बसची स्थानकं एकापेक्षा जास्त आहेत आणि किफिसोसला मेट्रो जात नाही. शहर बस किंवा टॅक्सी करावी लागते. तिकिटावर स्थानकाचं नाव बघितल्याशिवाय खोलीबाहेर पडू नकोस. चुकीच्या स्थानकावर उभं राहून बस चुकवणारे दर मोसमात भेटतात.

नाफ्प्लियो स्वतंत्र ग्रीसची पहिली राजधानी, १८३४ पर्यंत. जुनं गाव अर्ध्या तासात पायी फिरून होईल एवढं. वर पालामिदीचा किल्ला, १७११ ते १७१४ मध्ये व्हेनिसवाल्यांनी बांधलेला. ९९९ पायऱ्या असं सगळे सांगतात. मोजणाऱ्यांचा आकडा कमी भरतो, पोटऱ्यांना फरक कळत नाही. सह्याद्रीत फिरणाऱ्याला ही चढण काहीच नाही, पण ऊन आहे, सकाळीच चढ आणि लिटरभर पाणी बरोबर घे. खाली उतरल्यावर आर्वानितियाचा किनारा पायथ्याशीच आहे, गोट्यांचा. तिथून समुद्राच्या कडेने सपाट पायवाट धरलीस तर तीनेक किलोमीटरवर काराथोना लागतं, वाळूचा लांब, उथळ किनारा. पोहण्यात फार तरबेज नसशील तर काराथोनाच बरं. आर्वानितियाला चार पावलांत पाय टेकेनासा होतो.

नाफ्प्लियोत मुक्काम करायचा तो दोन जागांसाठी. पहिली एपिदाव्रोसचं नाट्यगृह. इथे नावाचा घोटाळा आहे: समुद्रकाठच्या गावाचं नावही एपिदाव्रोस, तिथेही एक छोटं प्राचीन नाट्यगृह आहे आणि तिकडेही बस जाते. तुला जायचंय ते लिगुरियो गावाजवळच्या, आस्क्लिपिओस या वैद्यकीच्या देवाच्या देवस्थानात. तिकीट घेताना 'आर्खेओ थेआत्रो, आस्क्लिपिइओ' असं म्हण आणि चढताना ड्रायव्हरला पुन्हा विचार. परतीच्या बस मोजक्याच असतात, म्हणून उतरल्या उतरल्या वेळ विचारून घे. नाट्यगृहात खाली ३४ आणि वर २१ रांगा. गोलाच्या मधोमध एक दगड आहे, तिथे उभं राहून नेहमीच्या आवाजात बोललेलं वरच्या रांगेत पोचतं. अट एकच, बाकीचे गप्प हवेत. दहानंतर गटच्या गट येऊन टाळ्या वाजवत बसतात आणि मग कुणालाच काही ऐकू येत नाही. पहिली बस पकड.

दुसरी जागा मायसिनी. काही बस थेट स्थळापर्यंत जातात, काही फिख्तीच्या फाट्यावर सोडतात. तिथून तीन-चार किलोमीटर चढाचा, सावली नसलेला रस्ता. फाट्यावर उतरायची वेळ आली तर टॅक्सी कर. सिंहद्वार, राजवाड्याचा चौथरा झाला की मागच्या कोपऱ्यातल्या भुयारी हौदाच्या पायऱ्या बघ. आत मिट्ट काळोख आणि निसरडं, मोबाइलचा दिवा लागतो. तिकीट फेकू नकोस, कारण रस्त्याने थोडं खाली 'आत्रेउसचा खजिना' आहे आणि तो त्याच तिकिटात येतो. नाव खजिना, असतं थडगं. दारात उभं राहून वर बघ: आतल्या बाजूची तुळई म्हणून ठेवलेली एकसंध शिळा अंदाजे १२० टन वजनाची. तिच्या वर भिंतीत त्रिकोणी पोकळी मुद्दाम सोडली आहे, म्हणजे वरचा भार दोन्ही अंगांना उतरतो आणि शिळा मोडत नाही. आतला घुमट १३ मीटर उंच. ही खरी कमान नव्हे. दगडाचा प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा थोडा आत सरकवत नेऊन वर मिटवलाय. पण सव्वातीन हजार वर्षं उभा आहे.

तिथून बेटाकडे. सकाळची बस धरून अथेन्सला ये आणि पिरेअसहून संध्याकाळची बोट घे. नाक्सोस साध्या मोठ्या बोटीने पाच ते साडेपाच तास. वेगवान बोटी वेळ वाचवतात, पण महाग पडतात आणि वाऱ्यात आधी त्याच रद्द होतात. एजियन समुद्रात उन्हाळ्यात उत्तरेकडून कोरडा 'मेल्तेमी' वाहतो. जोर जुलै-ऑगस्टात, पण सप्टेंबरातही दोन-तीन दिवस धरून ठेवू शकतो. वाऱ्याचा जोर मोजायच्या बोफोर्ट मापात तो ८ च्या पुढे गेला की बंदर अधिकारी बोटी सोडतच नाहीत. म्हणून शेवटची रात्र अथेन्समध्ये ठेवली आहे. ज्या दिवशी विमान त्याच दिवशी बेटावरून निघायचं, हे कधीच करायचं नाही.

पिरेअस प्रचंड आहे. धक्क्यांना ई १ पासून क्रमांक आहेत, गेट तिकिटावर किंवा बोट कंपनीच्या मेसेजमध्ये येतं; तासभर आधी पोच. मागच्या उघड्या रॅम्पवरून ट्रकांबरोबरच आत शिरायचं, सामान बेटाचं नाव लिहिलेल्या रॅकवर टाकायचं, पासपोर्ट आणि पैसे अंगावर ठेवायचे. उतरताना घोषणा झाली की लगेच खाली गॅरेजच्या जिन्याशी जाऊन उभा राहा. मधल्या बेटांवर बोट काही मिनिटंच लागते आणि कुणासाठी थांबत नाही.

नाक्सोसला शिरतानाच पोर्तारा दिसेल, अपोलोच्या अर्धवट राहिलेल्या देवळाची संगमरवरी चौकट. सूर्यास्ताला तिथे जत्रा असते, पहाटे शुकशुकाट. किनाऱ्यांसाठी गावातून बस: आगिओस प्रोकोपिओस, आगिया आन्ना, प्लाका, एकामागून एक. छत्री-खुर्ची लावायच्या आधी दर विचार. पहिल्या रांगेचा वेगळा असतो. फुकटात टॉवेल पसरायला प्लाकाला भरपूर जागा आहे. खडकाळ जागी पाण्यात उतरताना रबरी बूट घाल, समुद्री साळिंदरांचे काटे तळव्यात मोडतात आणि दाबून निघत नाहीत. एक दिवस आतल्या गावांसाठी ठेव: फ्लेरिओच्या बागेत सहाव्या शतकातला (इसपूच्या) अर्धवट घडवलेला संगमरवरी पुरुषपुतळा आडवा पडला आहे, पाय मोडला म्हणून तिथेच सोडून दिलेला. स्कूटरचा मोह होईल. आरटीओकडून दुचाकीसह आंतरराष्ट्रीय परवाना काढलेला नसेल तर नको. गाडी देणारा देईल, अपघात झाल्यावर विमा देणार नाही.

शाकाहारी असशील तर उपाशी राहणार नाहीस. फावा म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरणच, वर कांदा आणि ऑलिव्ह तेल. यिगांदेस (मोठे पांढरे घेवडे), ब्रियाम (भाजलेल्या भाज्या), स्पानाकोपिता (पालकाचा पाय) चालतील. येमिस्ता (भरले टोमॅटो-मिरच्या) आणि दोल्मादाक्या (द्राक्षाच्या पानांच्या गुंडाळ्या) यांत कधी खिमा असतो, आधी 'खोरीस क्रेआस?' म्हणजे 'मांसाशिवाय आहे ना?' असं विचार. आणि एक मराठी कानांची अडचण: ग्रीकमध्ये 'ने' म्हणजे हो. आपल्याला ते 'नाय' ऐकू येतं. नकार 'ओखी'. म्हणून 'खोरीस क्रेआस?' ला तो हसून 'ने' म्हणाला तर खुशाल खा, 'ओखी' म्हणाला तर ताट परत कर.

हॉटेलात मुक्काम-कर वेगळा भरावा लागतो: एप्रिल ते ऑक्टोबर दर खोली दर रात्र एक-दोन ताऱ्यांना २ युरो, तीन ताऱ्यांना ५. बुकिंगच्या रकमेत तो बहुतेकदा धरलेला नसतो. टॉयलेटमधला कागद शेजारच्या डब्यात टाकायचा, पाइप अरुंद असतात.

डेल्फी अजिबात सोडवत नसेल तर अथेन्सच्या तिसऱ्या दिवशी पहाटेची बस घे, अडीच-तीन तास, आणि परतीचं तिकीट तेव्हाच काढून ठेव. स्थळांची बंद व्हायची वेळ १ सप्टेंबरपासून टप्प्याटप्प्याने अलीकडे येते, त्यामुळे आधी वर स्टेडियमपर्यंत चढून ये, मग संग्रहालयातला सारथ्याचा ब्राँझचा पुतळा बघ. डोळे आणि पापण्या अजून शाबूत आहेत. पोस्टकार्डांवरचं तीन खांबांचं गोल देऊळ मात्र या फाटकाच्या आत नाही. ते रस्त्याच्या खाली, दहा मिनिटं पुढे आहे, आणि ते न बघताच अर्धे लोक परतीच्या बसमध्ये बसतात.